माळकऱ्याचा उजवा डोळा

आमचे हे माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मटण-मच्छी वर्ज्य आणि महिन्याच्या दोन्ही एकादश्या कडक. माझं माहेर समुद्रकाठच्या तारोडीचं. तिथे ताटात मासा नसला तर पाहुण्याला वाटतं, घरचे आपल्यावर रागावलेत. लग्न होऊन मी ह्यांच्या जेसल पार्कच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा आईने पिशवीत सुके बोंबील घालून दिले होते. ती पिशवी ह्यांनी दोन बोटांत धरून जी बाल्कनीत नेऊन ठेवली, ती दुसऱ्या दिवशी भावाबरोबर परत गेली. तेव्हापासून मी बोंबील माहेरीच खाते आणि येताना रिक्षात बडीशेप चघळते. तरी दार उघडल्या उघडल्या हे विचारतात, "खाऊन आलीस ना?" नाक भारीच तिखट.

नाक तिखट, पण डोळे कायमचे रुसलेले. मीरा रोडला स्टेशनजवळ ह्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आतल्या बोर्डावरचं बारीक काम, तापलेल्या सोल्डरने एवढुसा टाका द्यायचा, त्यात ह्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. चष्मा मात्र सतत बदलायचा आणि नवा आला की आठवडाभरात त्याला नावं ठेवायची. शिवाय डोळे चोळायची सवय. मी म्हणायची, "अहो, डोळे आहेत ते, पुऱ्यांची कणीक नव्हे." शेवटी एका डॉक्टरने मशीनवर हनुवटी टेकवायला लावली आणि सांगितलं की बुबुळावरची काच, म्हणजे तो पारदर्शक पडदा, पातळ होत चाललाय आणि मध्येच टोक काढून पुढे येतोय. दोन्ही डोळ्यांत, पण उजवा फारच पुढे गेलेला.

कडक लेन्स दिल्या. त्या काही वर्षं टिकल्या, मग उजव्या डोळ्यावर लेन्स बसेचना. नुसती टोचायची. एकदा मी डबा द्यायला दुकानात गेले तर एक गिऱ्हाईक फोन परत घेऊन चाललं होतं. हे त्याला सांगत होते, "बोर्ड का काम अभी नहीं लेता भाई, काच या बॅटरी हो तो बोलो." मला पाहून मान खाली घातली. एका टाक्याचे तीन टाके दिसतात म्हणाले, आणि तिन्ही धुरकट. त्या बारीक कामावर तर दुकान उभं होतं, आणि दुकानापेक्षाही ह्यांचा सगळा रुबाब उभा होता.

शहरातल्या मोठ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी दोन रस्ते सांगितले. एक, कुणी मृत्यूनंतर दिलेलं बुबुळ मिळेपर्यंत थांबायचं, मग टाके घालून ते बसवायचं. दुसरा रस्ता नवा, अजून अभ्यासाच्या पातळीवरचा. जनावराच्या कातडीतून काढलेलं प्रथिन पार धुऊन, शुद्ध करून त्याची पारदर्शक चकती करतात. आपलं बुबुळ काढायचं नाही, त्यातच बारीकसा खिसा करून ही चकती आत सरकवायची. पडदा जाड होतो, टोक बसतं. टाके नाहीत.

"कुठल्या जनावराच्या?" ह्यांनी विचारलं.

"डुकराच्या."

ह्यांचा हात माळेवर गेला. आणि मला, देवाशपथ सांगते, हसू आलं. इतकं आलं की पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जावं लागलं. बोंबलाच्या वासाने बाल्कनीचं दार लावणारा माणूस, आणि त्याच्या डोळ्यात कोण राहायला येणार तर हे!

पुढचे काही दिवस असेच गेले. हे विचारात, मी जिभेला आवर घालण्यात. पण माझी जीभ कसली ऐकते. "अहो, तुम्ही थोडंच त्याला खाणार आहात? तोच तुमच्याकडे राहायला येतोय. भाडेकरू समजा." हे रागाने ताटावरून उठले. मग मीच ताट घेऊन मागे गेले. हे म्हणाले, "तुला मस्करी वाटते. लहानपणी आईने घातलीय ही माळ. तिला काय सांगू?" तेव्हा कळलं, गाडं कुठे अडलंय ते.

सासूबाई भाईंदरच्या जुन्या घरात एकट्या राहतात. उभं आयुष्य मिठागरात राबल्या, आता ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेतात. हे समोर बसले आणि शाळेत पाढे चुकलेल्या पोरासारखं चाचरत सगळं सांगितलं. डुकराचं नाव घेताना आवाज इतका खाली गेला की मला मध्ये पडून ते मोठ्याने सांगावं लागलं.

आईंनी एवढंच विचारलं, "त्यानं दिसंल ना?"

"डॉक्टर म्हणतात दिसेल," मी म्हटलं.

"मंग? माल गल्यान हाय, डोल्यान न्हाय," आई ह्यांच्या माळेला बोट लावून म्हणाल्या आणि मला चहा टाकायला आत पाठवलं.

परत येताना ह्यांनी त्यावर आपला स्वतःचा कायदा केला. डोळ्यात बसवलेलं पोटात जात नाही. जे पोटात जात नाही ते खाल्लं असं होत नाही. म्हणजे माळेला धक्का नाही. मी म्हटलं, वा, वकील व्हायला हवं होतं तुम्ही. मनातून सुटल्यासारखं झालं.

ऑपरेशन पार पडलं. चकती आत नीट बसली. खरं काम पुढेच होतं म्हणे, ते थेंबांचं. दिवसातून अनेकदा, अनेक आठवडे, एकही वेळ चुकवायची नाही. शरीराने चकतीला परकं म्हणून हाकललं तर सगळंच मुसळ केरात, हे डॉक्टरीणबाईंनी तीन-तीनदा बजावलं. सकाळ-रात्रीचे थेंब मी घालायची. दिवसा मी बालवाडीत शिकवायला जाते, त्यामुळे मधले थेंब हे स्वतः घालायचे. दुकान बंद होतं, घरीच होते.

आणि आली एकादशी. त्या दिवशी सकाळची माझी पाळीही "मी घालतो, तू जा, उशीर होतोय" म्हणून ह्यांनीच घेतली. केवढं कौतुक वाटलं मला! संध्याकाळी घरी येऊन बघते तर उजवा डोळा लालबुंद, पाण्याने डबडबलेला, आणि हे उजेडाकडे पाठ करून बसलेले.

"थेंब घातलात?"

हे माळ चाचपत राहिले.

"अहो, थेंब घातलेत का?"

"आज एकादशी आहे ना," हे म्हणाले. "ते औषध घशात उतरतं. कडू लागतं. म्हणजे पोटात जातं. आणि त्यात काय असतं, कुणाचं असतं, कोणाला ठाऊक? एक दिवसाचा तर प्रश्न. उद्या द्वादशीला घातलं असतं की."

माझं डोकं असं फिरलं म्हणता! "डुक्कर चाललं आणि औषध चालत नाही? बुद्धी गहाण ठेवली का? कुठल्या पोथीत लिहिलंय की एकादशीला आंधळं व्हावं?" शेजारच्या गुजराती भाभी दारापर्यंत येऊन परत गेल्या, इतका माझा आवाज चढला होता. हॉस्पिटलात फोन लावला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता थेंब सुरू करा आणि सकाळी पहिल्या प्रथम घेऊन या.

ह्यांना पलंगावर आडवं पाडलं. "उपास मोडला तर पाप माझं. तुमचं पुण्य तुम्हाला ठेवा." थेंब पडला. घशाची घाटी हलली.

"कडू आहे," हे म्हणाले.

"मी पण आहे," मी म्हटलं.

पुढची वेळ होईपर्यंत मी बाटली मुठीत धरूनच बसले. गेला डोळा तर? दुकान गेलं तर जाऊ दे, मी कमावते, पण हा माणूस स्वतःच्या हाताकडे बघत आयुष्य कसं काढील? मला भीती वाटत होती. एवढी भीती मला कधीच वाटली नव्हती, आणि रडायची सोय नव्हती, कारण मी रडले असते तर हेही रडले असते आणि त्यांना डोळे चोळायला बंदी होती.

सकाळी द्वादशीच्या नैवेद्याची वाट न बघता निघालो. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ मशीनमधून पाहिलं. मग कारण विचारलं. हे सांगेनात, म्हणून मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "तुम्ही करा उपास," त्या ह्यांना म्हणाल्या, "बुबुळाला करायला लावू नका." चकती जागेवर होती, स्वच्छ होती. लाली उतरेल म्हणाल्या. अक्षरांचा तक्ता वाचून घेतला, तर जिथे हे पूर्वी अडायचे त्याच्या खाली आणखी ओळी वाचल्या. थोड्या अडखळत, पण वाचल्या.

बाहेर बाकावर येऊन बसलो. मी थेंबांच्या वेळा मोबाइलवर लावत होते. मान वर केली तर हे माझ्याकडे बघतायत. नुसते बघतायत, अगदी जवळून.

"काय?"

"हनुवटीला काय झालं तुझ्या? हा खड्डा कसला?"

"कांजिण्यांचा."

"कधी आल्या होत्या? बोलली नाहीस."

"सहावीत होते. तुम्ही मला बघायला तारोडीला आलात ना, तेव्हाही होता. दोन हातांवर तर बसला होतात."

ह्यांनी पुन्हा एकदा तो खड्डा नीट बघून घेतला. मग म्हणाले, "तेव्हा मला नीट दिसलंच नव्हतं गं काही. तू आत भावाला कशावरून तरी झापत होतीस, तो आवाज ऐकला. त्यावर हो म्हटलं."

मी पिशवीतून थेंबांची बाटली काढली आणि म्हटलं, "वर बघा, वेळ झाली."