सारंगखेड्याच्या बाजारात क्लोनिंग

शहाद्याच्या मामांचा फोन आला: भाषणांत क्लोनिंग क्लोनिंग करतेस, मग आमच्या मोगरीचं करून दे. मी निघालेच. मोगरी त्यांची लाडकी घोडी. चारही पाय आणि कपाळ पांढरं, म्हणजे पंचकल्याण, मालकाला शुभ. आता म्हातारी झाली, गाभण राहत नाही. तिचा वंश बुडणार म्हणून मामांची झोप उडालेली.

नाशिकहून धुळे, तिथून एसटीने दोंडाईचा, पुढे शेअर रिक्षा. तापीचा पूल ओलांडला की सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेतला घोडेबाजार; मामा तिथेच भेटणार होते. सकाळीच जा, बूट घाला आणि पोट रिकामं ठेवा. भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी शंभर-सव्वाशेत मिळते, वर गरम जिलेबी.

मामांनी खुंट्याला मोगरीची नात बांधली होती, विकायला! मान आजीची, चाल आजीची. पण एक पाय काळा. म्हणून ती वंशात धरायचीच नाही. एक दलाल मामांना चिडवत होता, "नाना, चौथा पाय चुनामा बुडावाना ऱ्हायी गया का?"

मी तिथेच सुरू झाले. क्लोनिंगला राक्षसी म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. मोगरीच्या कातडीची पेशी घ्यायची. दुसऱ्या घोडीच्या बीजांडातलं केंद्रक काढून तिथे या पेशीचं बसवायचं आणि गर्भ तिसरीच्या पोटात वाढवायचा. जन्मते ती मोगरीची उशिरा आलेली जुळी बहीण. बरेच प्रयत्न फसतात, खर्चही अफाट. तरी आपल्या देशात म्हशीचं झालंय. उत्तम दुधाळ जनावर, नामशेष होत चाललेली जात, हे सारं त्यातून वाचू शकतं. अशा ज्ञानाला भ्यायचं कशाला?

गर्दी जमली. मामांनी एकच विचारलं, चारही पाय पांढरे येतील ना?

खोटं बोलवेना. पांढऱ्या खुणा नुसत्या वारशावर ठरत नाहीत; गर्भात रंगाच्या पेशी कुठवर पोचतात, त्यावरही ठरतात. क्लोनचाही एखादा पाय काळा निघू शकतो.

तेवढ्यात दलालाने गिऱ्हाईक आणलं आणि भाव ठरवायला रुमालाखाली हात पुढे केला. मामांनी आपला हात मागे घेतला आणि नातीच्या काळ्या पायावर ठेवला.

"खुद्द मोगरीबी काया पायनी निंघी सकस, मंग हाई कोनी शे? मन्हीच ना? ईकत नही मी."

भाचीने सौदा मोडला म्हणून दलालाने माझ्याकडून जिलेबी वसूल केली.

आता नाशिकला परतलेय. काल मामांनी व्हिडिओ पाठवला, आजी-नात एकाच गव्हाणीत तोंड घालून उभ्या. मी विचारलं, क्लोन अजून हवी का? म्हणाले, हवी तर आहेच. पण पायांचा रंग विचारणार नाही.