खोडलेला बेत

बाइंडिंगवाल्या काकूंच्या घरात दाराशेजारी एक पाटी टांगलेली असे. बाहेर पडणाऱ्याने कुठे चाललो आणि किती वाजता परत येणार, ते तिच्यावर लिहायचं, असा नियम. नियम काकूंचाच. तीस वर्षं त्यांनी कचेऱ्यांच्या वह्या, ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं आणि डोंगरावरच्या निवाऱ्यांची नोंदबुकं शिवली होती. एकदा सुरी फिरली की कागद परत जुळत नाही, हे त्यांच्या हाताला माहीत होतं, आणि तोच कायदा काकू आपल्या पोरांनाही लावत. पाटीवरचं पुसून कोणी दुसरं लिहिलं की आतून आवाज येई, "फिरला का भोवरा?"

भोवरा म्हणजे त्यांचा मुलगा. ग्रंथालय लिहून निघे आणि अर्ध्या वाटेवर त्याला नदी आठवे. लहानपणी तो परत येऊन पाटी पुसायचा, नवं लिहायचा आणि टोमणे खायचा. पुढे त्याने पुसणंच सोडलं. लिहिलेलं तसंच ठेवून मनात येईल तिकडे जाई. पाटी स्वच्छ राहू लागली. काकूंना वाटलं, पोरगं सुधारलं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी तो एकटा डोंगरावर गेला. पाटीवर लिहून गेला, 'खिंडीतून वरचा निवारा. रविवारी पाचपर्यंत.' खालच्या निवाऱ्यातल्या नोंदबुकातही तेच लिहिलं. रविवारी तो आला नाही. शोधपथकाने नऊ दिवस खिंडीची वाट पिंजून काढली, दहाव्या दिवशी मोठा बर्फ पडला आणि पथक खाली उतरलं. पथकाचा म्होरक्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "बाई, लिहिलं होतं तिथे तो नाही."

हे वाक्य काकू सहा महिने बाइंडिंगच्या खळीबरोबर ढवळत राहिल्या.

बर्फ विरघळू लागला तसे त्यांनी माळ्यावरून बूट काढले. नवरा होता तोवर दोघं दरवर्षी चढत. वाट पायाखालची होती.

"आई, एकोणसाठ वय आहे तुझं," लेक म्हणाली. "हंगाम उघडायला तीन आठवडे आहेत. तेव्हा पथक जाणारच आहे ना?"

"तोवर ओढे फुटतील. जे काही उरलं असेल ते वाहून जाईल."

"मग मी येते बरोबर."

"आणि शाळेतल्या परीक्षा कोण घेणार, तुझा फळा?"

"तुझ्या हट्टाला औषध नाही," असं म्हणून लेकीने त्यांच्या पिशवीत जास्तीचे मोजे कोंबले.

खालच्या निवाऱ्याचा म्हातारा राखणदार त्यांना ओळखून होता. नोंदबुक पुढे सरकवत म्हणाला, "लिहा काकू, तुमच्याच वहीत. तिची शिलाई अजून शाबूत आहे, माझे गुडघे गेले." काकूंनी लिहिलं, 'खिंड. अकराला वर, चारला परत.'

"पथकाने पाहिलेलीच वाट परत कशाला?" त्याने विचारलं.

"त्यांनी वाट पाहिली. मला तो बघायचाय."

सकाळचा बर्फ कडक होता, पाऊल ठरत होतं. पण ऊन लवकर तापलं. अकरा वाजले तेव्हा त्या खिंडीखालच्या मोठ्या खडकापाशीच होत्या, आणि बर्फ मांडीपर्यंत गिळत होता. वर कड्यावर बर्फाचा छज्जा ठिबकत होता. त्यातून जात्याएवढा एक गोळा सुटला आणि दहा हातांवरून घरंगळत गेला.

"ठरलं ते ठरलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि सहा पावलं टाकली. सातव्याला कमरेपर्यंत रुतल्या. पाय उकरून काढायला दहा मिनिटं लागली. परत खडकावर येऊन बसल्या. खिंड समोर होती, आणि आज ती गाठता येणार नाही, हे स्पष्ट होतं.

तेव्हा त्यांचं डावीकडे लक्ष गेलं. डोंगराची एक सोंड थेट खालच्या रानात उतरत होती. वाऱ्याने तिच्यावरचा बर्फ झाडून नेला होता, काळे दगड उघडे होते. रानापलीकडे गावाचा रस्ता दिसत होता. उशीर झालेला, रविवारी पाचला घरी पोचायचं असलेला माणूस इथूनच वळला असता.

भोवरा इथे फिरला. आणि फिरला हे त्याने कुठेच लिहिलं नाही, कारण लिहायचं नाही हे तो घरातूनच शिकला होता.

काकू उठल्या आणि सोंडेवर तीसेक पावलं उतरल्या. मग थबकल्या. वहीत त्यांचं नाव खिंडीपुढे होतं. इथे पाय घसरला तर पथक पुन्हा नऊ दिवस खिंड उकरेल, लेक पुन्हा दारात उभी राहील, आणि सोंडेची गोष्ट त्यांच्याबरोबरच जाईल. तो कदाचित तीनशे पावलांवर असेल. त्याच्याकडे पाठ फिरवायला लागली तेवढी ताकद चढताना लागली नव्हती.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्या निवाऱ्यात पोचल्या. नोंदबुक पुढे ओढलं, आपली ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'खिंड सोडली. डावी सोंड पाहायची. उद्या सकाळी सहा. सोबत माणसं हवीत.'

राखणदाराने वाचलं. "खोडलंत?"

"खोडलं."

त्याने यावर विनोद केला नाही. पथकाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी नऊ चाळीसला तो सापडला. सोंडेच्या पायथ्याशी एका कपारीत भिंतीला टेकून बसलेला, एक पाय वेडावाकडा. सॅकचा तुटका पट्टा काकूंनीच मेणाच्या दोऱ्याने शिवून दिला होता. तो टाका जसाच्या तसा होता. म्होरक्याने टोपी काढली. गावाचा रस्ता तिथून हाकेच्या अंतरावर होता, पण त्या बाजूला हाका ऐकायला कोणी गेलंच नव्हतं.

पाटीवरची त्याची ओळ लेकीने पुसली. काकूंच्याने ते झालं नाही.

महिन्याभराने एका दुपारी लेक 'बाजार, पाचपर्यंत' लिहून बाहेर पडली आणि कोपऱ्यावरून परत आली. तिने ते पुसलं, 'मैत्रिणीकडे, सात' असं लिहिलं, आणि सवयीने खडू हातात धरून तशीच थांबली. आत दाभणाचा आवाज बंद झाला होता.

"पुन्हा बदललं," काकू आतून म्हणाल्या, "तर पुन्हा येऊन लिही."