वर काय घालू?

मेहबूबचाचा भाजी घेताना कधी घासाघीस करत नसत. पिशवी भरली की ती तशीच उघडी धरून भाजीवालीपुढे उभे राहत आणि म्हणत, "वर?" तिनं कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या की त्यांचा चेहरा असा फुलायचा, जणू आतली सगळी भाजी नुसतं निमित्त होती.

अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात ते पॅकिंगचे मुकादम होते आणि मी ऑफिसात कारकून. कुंभारीहून सायकलवर येणारी, घरातली पहिली पदवीधर. त्यांनी मला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. "ओ ग्रॅज्युएट, चहा घे की. डिग्रीनं पोट भरतं व्हय?" असं चिडवायचे, पण स्पर्धा परीक्षेसाठी मला सुट्टी हवी होती, तेव्हा मालकांपुढे तेच जाऊन उभे राहिले.

काडेपेट्यांवरची जुनी चित्रं जमवायचा त्यांना नाद होता. एक हत्ती तेवढा मिळत नव्हता. लग्नानंतर चाचींनी त्यांच्या घरातली पहिली चूल पेटवली, ती त्या हत्तीच्या पेटीनं. चाची गेल्या होत्या, मुलगा परदेशात. मी त्यांना मोबाइलवर जुन्या वस्तूंचे लिलाव दाखवले आणि एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत हत्ती सापडला. चाचांनी बोली जिंकली. मग विक्रेत्याचा निरोप आला: पॅकिंगचे वेगळे, हाताळणीचे वेगळे, शिवाय खरेदीदार म्हणून एक शुल्क.

"वर त्यो घेणार?" चाचांना कळेचना.

"किरकोळ आहे चाचा. मी भरू?"

"पैशाचं न्हाय गं. जिंदगीभर पॅकिंग केलं मी. पॅकिंग म्हंजे मालाचा कपडा. आन् वर तर द्यायचं आसतं की!"

त्यांनी हत्ती सोडला. मग कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.

निवृत्तीनंतर ते स्वतःच चित्रं विकू लागले. प्रत्येक पाकिटाआधी मला फोन: "ग्रॅज्युएट, ह्यांना वर काय घालू?" एक जादा चित्र घालत आणि आपल्या नंबराची चिठ्ठी: 'पोचल्याचं कळवा.' फोन कुणाचाच आला नाही. मोबाइलवर पाच-पाच तारे मात्र यायचे.

"तारे लई आले बेटा," एकदा म्हणाले, "आवाज एक न्हाय आला."

मला दुसऱ्या जिल्ह्यात सरकारी नोकरी लागली. माझ्या पुस्तकांचं खोकं चाचांनी स्वतः बांधलं. तिकडे ते उघडलं, तर सगळ्यांत वर कोरा टॉवेल आणि चिठ्ठी: 'पोचल्याचं कळवा.' मी हजर होण्याच्या गडबडीत होते. व्हॉट्सॲपवर एक अंगठा पाठवला. फोन रविवारी करू म्हटलं. असे बरेच रविवार गेले. मग कारखान्यातून कळलं, चाचा गेले.

परवा एका लिलावात हत्ती दिसला. मागितली ती सगळी शुल्कं मी मुकाट्यानं भरली. तो साध्या पाकिटातून आला, सोंडेवर घडी पडलेला. पाकीट उलटं करून झटकलं. वर काही नव्हतं.

मी चाचांचा नंबर काढला. शेवटचा निरोप म्हणून माझा तो अंगठाच होता. त्याखाली लिहिलं, 'चाचा, पोचलं.'