पडद्यावर माझा बाप खुनी

टीव्हीवर माझ्या बापाला बेड्या पडल्या, तेव्हा माझा बाप समोर बसून भाकरी खात होता.

नट वेगळा. नाव वेगळं. पण आमच्या डाळजसारखंच गाव, तशीच बागेतली विहीर, आणि विहिरीत सुमन आत्या. पडद्यावरची आत्या बागाईतदाराच्या पोराला नादी लावत होती. म्हणून सख्ख्या भावानं तिचा गळा दाबला. वर लिहिलेलं, सत्य घटनेवर आधारित.

आबाच्या हातातला घास हातातच राहिला.

"हे तर मी त्या पोरीला सांगितलं व्हतं," एवढंच बोलला.

ती पोरगी म्हणजे केतकी. बारामतीच्या कॉलेजातली माझी मैत्रीण, मोठ्या बागाईतदाराची लेक. आता मुंबईत गुन्ह्यांच्या मालिका लिहिते. आमच्या घरी आली, आईच्या हातचं कोरड्यास वरपून जेवली. आबाच्या पायाशी बसली. आबानं मला जे कधी नीट सांगितलं नव्हतं, ते तिला सांगितलं. लेक मानून.

आत्या गावातल्या बागाईतदार मालकाच्या बागेत डाळिंबं तोडायला जायची. मालकाच्या पोरानं तिचा हात धरला, तिनं सगळ्या बायांसमोर त्याच्या थोबाडीत दिली. दोन दिवसांनी आबानंच तिला विहिरीतनं वर काढलं. गळ्यावर बोटांचे वळ. मालक म्हणाला, "पाय घसरला म्हण. तुझी बायको बी ह्याच विहिरीवर येती." मी पाळण्यात होते. आबा गप्प बसला.

मी तडक बारामती गाठली. केतकी सुट्टीला आली होती. सोफ्यावर पाय घेऊन बसलेली.

"अगं, मालकाच्या पोरानं मारलं हे लोक पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात. भाऊ निघाला की धक्का बसतो."

"तुझ्या बापाला असं खुनी दाखवलं असतंस?"

ती हसली. "आमच्या घरात कशाला असलं काही होईल?"

त्या हसण्यानं मला सगळं कळलं. आमचं दुःख तिला चाललं. आमचं खरं चाललं नाही. खरं सांगायचं तर खुनी तिच्याच सोफ्यावर बसणाऱ्यांतला निघाला असता.

"आबांना सॉरी सांग," ती म्हणाली. "आणि तुमच्याकडं अजून अशी कुणाची गोष्ट असेल तर..."

"न्हाय," मी म्हणाले. "आता आमची आमी सांगू."

रविवारी विहारात वंदना झाली. गावात कुजबुज होतीच, 'भावानंच मारली म्हणं.' मी उठायच्या आत आबा उठला. त्यानं मालकाच्या पोराचं नाव घेतलं. पहिल्यांदा. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "आबा, खाली बसा. त्यो आता मोठा माणूस झालाय."

"मग माझी भण काय बारकी व्हती?" आबा म्हणाला, आणि बसला नाही.

आत्यानं थोबाडीत दिली त्या दिवशी तिच्याबरोबर बागेत असलेल्या दोन म्हाताऱ्या उठून आबाच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांना घेऊन आम्ही इंदापूरच्या पोलीस ठाण्यात जाऊन आलोय. साहेब म्हणाले, इतक्या जुन्या प्रकरणात काही होणार नाही. परत येऊ नका.

सोमवारी आम्ही परत जाणार आहोत. चौघंही.