नर्सबाईचे मराठी
भाताच्या कोंड्याचा वास आला की मला मूल गावाजवळचा, गिरणीला लागून असलेला तो दवाखाना आठवतो. इंग्रज जाऊन पाच-सहा वर्षे झाली होती आणि तिथे फ्रान्सहून आलेली एक नर्सबाई होती. मराठी ती बाळंतिणींकडूनच शिकली होती. "मले सांग, कुठी दुकून राह्यलं?" असे ती विचारी, 'ख' तिला येतच नसे. बाया पोट धरून हसत, "मडम, तू आमच्याच घरची वो!" म्हणत, आणि नवऱ्याने मारले तेही तिला सांगून टाकीत. मी गावातला शाळामास्तर, मला ते बोलणे गावंढळ वाटे. रोज संध्याकाळी मी तिला तोंडासमोर तळहात धरायला लावी आणि श्वास हाताला लागेपर्यंत 'ख', 'घ', 'भ' घोटून घेई. पावसाळा सरेपर्यंत ती पुस्तकासारखी बोलू लागली. मग एके दिवशी माझ्यासमोरच तिने कण्हणाऱ्या एका बाईला विचारले, "आपल्याला कुठे दुखते आहे?" ती बाई पदर सावरून उठून बसली. "काही नाई जी, बरं हाय." नर्सबाई माझ्याकडे वळली. "गुरुजी, त्या आता मला काहीच सांगत नाहीत," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि मी मात्र तिचे स्वच्छ उच्चार ऐकून मनात सुखावलो होतो. आता माझे केस पिकू लागले आहेत, पण त्या सुखाची लाज अजून जात नाही.