धोट्यावरची लाळ

तो धोटा आठवला की आजही तोंड कडू होतं.

सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात मुकादमाचा खून झाला होता. मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी धोट्याने डोकं फोडलेलं. पंचनामा करून धोटा जप्त केला, मृताच्या नखांतली कातडी घेतली आणि सगळा मुद्देमाल प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला. धोट्यावरची लाळ आमच्या डीएनए नोंदीतल्या एका माणसाशी जुळत होती. तो त्याच मागावरचा खानदेशी कारागीर. पूर्वी वस्तीत मारामारी झाली तेव्हा सरसकट सगळ्यांचे नमुने घेतले होते. तो निर्दोष सुटला, नमुना मात्र आमच्याकडेच राहिला.

"रिपोर्ट आवी गयो, केस पती गयो," केस संपल्याच्या खुशीत वरिष्ठ म्हणाले.

चौकशीत कारागीर रडकुंडीला आला. "साहेब, धागा तोंडघाईच वढना पडस. मी त्याले मारं नही."

माझे वडील कतारगामला मागावरच होते. धाग्याची कांडी बदलली की धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा ओढायचा, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. त्याच्या धोट्यावर त्याची लाळ नसती तरच नवल! वरिष्ठांना सांगितलं, तर म्हणाले, यंत्र खोटं बोलत नाही. यंत्र खरंच बोलत होतं, ऐकणारे बिनडोक होते.

नखांतली कातडी नोंदीतल्या कोणाशीच जुळली नव्हती. तिच्याकडे कोणी बघेना. शेवटी खबऱ्या आला. "साहेब, शेठ का साला इतनी गर्मी में फुल बाही पहन के घूमता है."

कारखान्याच्या मालकाच्या, म्हणजे शेठच्या मेहुण्याला आणून बाह्या वर करायला लावल्या. हातभर ओरखडे. नमुना पाठवला, कातडीशी जुळला, आणि त्याचं तोंड उघडलं.

खुनी डीएनएनेच पकडून दिला, हे मी नाकारत नाही. सगळ्या देशाची नोंद असती तर तो लगेच सापडला असता, असं लोक म्हणतात. असेल. पण नोंद आधी होते कोणाची? ज्याला आम्ही कधीही उचलून आणू शकतो त्याची. शेठच्या बंगल्यावर नमुना मागायला कोण जातं? याचा मला आजही संताप येतो.

कारागीर सुटला, पण त्याला कोणी मागावर घेईना. त्याचा नमुना काढून टाकावा म्हणून मी वर लिहिलं. उत्तर आलं नाही.

मी निवृत्त झाल्यावर तो मला पर्वत पाटिया भागात भेटला. कापडाचे गठ्ठे उचलत होता. टपरीवर चहा घेतला. मी माझा कागदी कप टोपलीत टाकला. त्याने आपला चुरगळून खिशात घातला.

"टाक की भाऊ इथंच," मी म्हणालो.

"नको साहेब. घर जाईसन चुल्हामा टाकसू."