गिरणी एक मिनिट बंद

वर्तकनगरातल्या आमच्या गिरणीवाल्याचं नाव मला आजही माहीत नाही. पण सकाळी दहाला तो एक मिनिट गिरणी बंद करतो, हे अख्ख्या कॉलनीला माहीत आहे. भुवया पिठाने पांढऱ्याफटक, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. "कोणी बोलायचं नाही हां!" असं रांगेला दटावून तो रोज दळणावर एक व्हिडिओ काढतो आणि टाकतो.

"बघतं कोण?" मी एकदा विचारलं.

"काल सतरा जणांनी बघितला!" तो खुशीत म्हणाला. "ताई, तुम्ही दळण आणलं की मी गिरणी उघडतो का? मी रोज उघडतो, म्हणून तुम्ही आणता."

परवा त्याचा घसा पार बसला. दहाला गिरणी थांबली, त्याने तोंड उघडलं तर नुसती हवा! रोजचा नेम मोडणार म्हणून चेहरा एवढासा झाला. मग एकदम त्याने माझ्या भाजणीच्या डब्याकडे बोट केलं आणि मोबाइल माझ्यावरच धरला.

मी डबा सावरला आणि बोलले. "भाजणी पूर्ण गार झाल्याशिवाय दळायला आणू नका." हे त्याचंच नेहमीचं वाक्य. मोबाइलमागे त्याचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. रांगेने टाळ्या वाजवल्या आणि त्याने पिठाच्या हातांनी मला नमस्कार केला.

आज माझ्याकडे दळण नाही. पावणेदहा वाजलेत. मी रिकामा डबा घेऊन निघालेय.